पोकलेनच्या पोटातला गाळ: काळ्या मातीतल्या दोन मशीनच्या प्रकल्प नोंदी

जागा: सोलापूर जिल्हा. कालव्यातला गाळ काढणं, कडेच्या चाऱ्या खोदणं, भराव.
मशीन: २० टन वर्गातली दोन पोकलेन. मशीन १ वर बदल करायचे, मशीन २ ची खालची कव्हरं तुलनेसाठी जशीच्या तशी ठेवायची.
हेतू: माती, पाचट आणि धूळ आत साचू नये. त्यासाठी केलेला कोणताही बदल रोजच्या देखभालीच्या आड येऊ नये.

२३ सप्टेंबर २०२४ – पाहणी

मशीन १ ची खालची कव्हरं उतरवली. इंजिन, पंप आणि रेडिएटरची खोली या तिन्हींखाली मिळून साधारण २ चौरस मीटर पत्रा आहे. त्यावर सरासरी ५ सें.मी. थर, म्हणजे १०० लिटर माती. ओली काळी माती लिटरला सुमारे १.८ किलो धरली तर १८० किलो ओझं फक्त १२ मि.मी.च्या बोल्टांवर लटकत होतं. दोन बोल्टांची भोकं लांबट झाली आहेत ती यामुळेच.

थर नीट कापून पाहिला. तळाला तेलात मळलेली काळी लापशी, तिच्यावर घट्ट माती, सगळ्यात वर पाला आणि काड्या. तळाचं तेल सांगतं की गळती जुनी आहे आणि थेंब जमिनीवर पडलाच नाही, म्हणून कुणाला दिसली नाही. पंपाच्या एका होजच्या जोडातून पाझर सापडला. ओ-रिंग बदलली.

माती तीन वाटांनी आत येते. पहिली वाट बूमच्या (बकेट उचलणाऱ्या मोठ्या हाताच्या) बुडातून: गाळाने भरलेली बकेट उचलली की पाणी आणि चिखल बूमवरून ओघळून थेट मधल्या खोलीत उतरतो. दुसरी रेडिएटरच्या बाजूने: पंखा हवा ओढतो, तिच्याबरोबर धूळ आणि पाला येतो. तिसरी खालून: ढिगावर चढताना किंवा मशीन चिखलात बसलं असताना कव्हरच्या ५० मि.मी.च्या गोल भोकांतून माती वर दाबली जाते. भोकं पाणी निघण्यासाठी दिलेली, पण चिकण मातीची त्यात लगेच कमान धरते आणि भोक बुजतं. मग ते आत येण्यापुरतंच उरतं.

२६ सप्टेंबर – काय करायचं, काय नाही

कोणतंही काम करण्याआधी पक्के केलेले नियम:

फिरत्या मुख्य फ्रेमला नवीन भोक नाही आणि वेल्डिंग नाही. फ्रेमवर जोर सतत उलटसुलट येतो, तडा वेल्डच्या कडेपासूनच सुरू होतो. कव्हरला कंपनीने दिलेली आट्यांची भोकंच वापरायची. वेल्डिंग फक्त कव्हरवर, आणि तेही कव्हर उतरवून जमिनीवर. कधी मशीनवर वेल्ड करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कंट्रोलरचे कनेक्टर सोडायचे आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावायचा. करंट स्विंग बेअरिंगमधून (वरचा भाग ज्यावर फिरतो त्यातून) गेला तर गोळ्यांवर डाग पडतात. आज ते दिसत नाही, पुढे बेअरिंग वाजायला लागतं.

रोज उघडायची प्रत्येक गोष्ट १९च्या एकाच पान्याने उघडली पाहिजे. सध्या १७, १९ आणि २४ असे तीन आकार आहेत. हेल्परकडे नेमका हवा तो पाना नसला की कव्हर उघडायचं राहून जातं.

एका माणसाला उचलावा लागणारा कोणताही तुकडा १५ किलोच्या आत.

जुनी कव्हरं भंगारात द्यायची नाहीत. मशीन विकताना किंवा खडकात काम निघालं तर तीच लागतील.

१ ऑक्टोबर – कव्हरची रचना

पूर्ण बंद कव्हर हवं की उघडं, यावर बराच खल झाला. पूर्ण बंद केलं तर खुंट आणि दगडांपासून बचाव होतो, पण गळती झाकली जाते, इंजिनाखालची गरम हवा कोंडते आणि आत गेलेलं बाहेर पडत नाही. पूर्ण उघडं ठेवलं तर उसाचा बुडखा किंवा तुरीचा खुंट सरळ होजमध्ये घुसतो. कडक वाळलेल्या खुंटापुढे होजचं बाहेरचं रबर टिकत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचा विचार वेगळा करायचा ठरलं.

*इंजिनाखाली:* एका मोठ्या कव्हरचे दोन भाग. प्रत्येक ७०० × ५६० मि.मी., पत्रा ४ मि.मी. पोलाद चौरस मीटरला मिलिमीटरमागे ७.८५ किलो, म्हणजे एका भागाचं वजन १२.३ किलो. एका कडेला बिजागरी, समोरच्या कडेला १२ मि.मी.चे दोन बोल्ट. मागच्या टोकाला २५० × १५० मि.मी.ची चौकोनी खिडकी, तिच्यावर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पडदा. बेल्ट वरच्या कडेला पट्टीने आवळलेला, खालची कड मोकळी. खालून दाब आला की तो पत्र्याला टेकून बंद होतो, आतून माती ढकलली की उघडतो. गरम हवेलाही तीच वाट.

*पंपाखाली:* बंद कव्हर, पण पंपाच्या आणि फिल्टरच्या बरोबर खाली एक लांब खाच. कव्हर आतून फिक्या रंगाने रंगवायचं. काळ्या पत्र्यावर तेल दिसत नाही, फिक्या रंगावर एक थेंबही नजरेत भरतो.

*रेडिएटरच्या खोलीखाली:* इथे जाळीदार तळाची सूचना होती, म्हणजे हवा मारल्यावर कचरा खाली पडेल. ती नाकारली. पंखा ज्या बाजूने हवा सापडेल तिथून ओढतो. तळ उघडा ठेवला तर जमिनीलगतची, सगळ्यात धुळकट हवा आत येईल. त्याऐवजी पूर्ण बंद होणारं दार, कडेने रबरी पट्टी. काम चालू असताना बंद, साफसफाईच्या वेळी उघडं.

तळाला उताराची मागणी सगळेच करतात. ५६० मि.मी.मध्ये ४० मि.मी. उतार देता येतो, त्याहून जास्त दिला तर कव्हर खाली लोंबतं. हा कोन ४ अंशांचा. त्यावरून पाणी निघून जाईल, माती नाही. चिकण माती आपोआप घसरण्यासाठी ६० अंशांच्या वर कोन लागतो, तो इथे अशक्य. म्हणजे माती हातानेच काढायची आहे हे धरूनच रचना करायची. उताराचं काम फक्त पाण्यापुरतं.

५ ऑक्टोबर – कव्हर बनवणं

बिजागरी मुद्दाम सैल ठेवली: १६ मि.मी.ची सळई, २० मि.मी. आतल्या व्यासाच्या पाइपच्या तुकड्यांत. बाजारची घट्ट बिजागरी मातीत आठवड्याभरात जाम होते. सैल बिजागरीत माती शिरते तशीच बाहेरही पडते. पाइपचे तुकडे प्रत्येकी ४० मि.मी., मधे ५ मि.मी. फट. सळईच्या टोकाला भोक पाडून कॉटर पिन. सळई ओढली की कव्हर वेगळं.

बोल्टचं डोकं उघडं राहिलं तर दगडाने घासून गोल होतं आणि पाना बसत नाही. डोक्याभोवती १० मि.मी. उंचीचं कडं वेल्ड केलं. नुसतं कडं मातीने भरून जातं, म्हणून त्याला एका बाजूने खाच. पाना लावण्याआधी खिळ्याने खाचेतून माती उकरायची. आट्यांना कॉपर ग्रीस. बोल्टखाली ४ मि.मी. जाडीचा मोठा वॉशर, कारण लांबट झालेल्या भोकातून साधा वॉशर ओढला जातो.

इंजिन ऑइलच्या ड्रेन प्लगखाली १५० मि.मी. व्यासाचं भोक, त्याला फिरवून बाजूला सरकणारं झाकण. आतापर्यंत तेल बदलायला पूर्ण कव्हर उतरवावं लागत होतं आणि बऱ्याचदा ते परत लावताना दोन-तीन बोल्ट कमी लागायचे.

९ ऑक्टोबर – बसवणं, आणि एक साखळी

बसवताना लक्षात ठेवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षेची. बिजागरीचं कव्हर मातीने भरलेलं असताना दोन बोल्ट काढले की ते एकदम खाली झुलतं. वर सांगितलेल्या हिशोबाने एका भागावर ३० ते ४० किलो माती सहज असते. म्हणून मोकळ्या कडेला ६ मि.मी.ची साखळी लावली, १५० मि.मी. लांब. बोल्ट काढल्यावर कव्हर तेवढंच उघडतं. त्या फटीतून आधी माती ओढून काढायची, मग साखळीचा हूक सोडायचा. माणूस बाजूला उभा, कव्हरखाली नाही.

खाली जाण्याआधीचा क्रम दारावर रंगवून घेतला: बकेट जमिनीवर, सेफ्टी लिव्हर वर, इंजिन बंद, चावी खिशात, मास्टर स्विच बंद.

वेळ: जुनं कव्हर काढून साफ करून लावायला दोन माणसं आणि पाऊण तास. नवं एक माणूस, दहा ते बारा मिनिटं.

१४ ऑक्टोबर – चेन आणि खालचा भाग

परतीचा पाऊस. माती सगळ्यात चिकट असते ती याच ओलीला. पूर्ण पातळ चिखल वाहून जातो, वाफशावर आलेली माती तुटून पडते. मधल्या अवस्थेत मात्र ती शू प्लेट (चेनच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या), रोलर आणि फ्रेम यांच्यामध्ये थरावर थर चढवत जाते.

मशीन २ च्या डाव्या बाजूचा एक वरचा रोलर फिरत नव्हता. चेन त्यावरून घासत गेल्याने त्याची एक बाजू सपाट झाली आहे. मातीने धरलेला रोलर एकदा सपाट झाला की माती काढल्यावरही फिरत नाही. तो बदलणं हाच उपाय.

नुकसान होतं कसं, ते नीट समजून घेणं भाग आहे. स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांच्या तळाशी माती दाबली गेली की बुश (चेनच्या सांध्यातली पोलादी नळी) तळापर्यंत बसत नाही, वर उचलला जातो. म्हणजे स्प्रॉकेटचा व्यास वाढल्यासारखं होतं आणि चेन ताणली जाते. त्याचवेळी आयडलरच्या (चेनच्या दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या चाकाच्या) मागे, जिथे तो सरकतो तिथेही माती ठासलेली असेल तर स्प्रिंगला दबायला जागा राहत नाही. मग सगळा ताण पिन-बुश, फायनल ड्राइव्हचं (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) बेअरिंग आणि आयडलर यांच्यावर. चेन तुटण्याचं कारण शोधताना लोक चेनचा दर्जा बघतात, आयडलरमागची माती बघत नाहीत.

क्रम असा: आधी साफ, मग मोजमाप. मातीने भरलेल्या चेनचा ढिलेपणा मोजला तर ती ताठ वाटते. आयडलरला रेटून चेन ताणणारं ग्रीस सोडून ढिली केली तर माती पडल्यावर ती उतरते. वरचा भाग ९० अंशांत फिरवून, बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशांचा कोन ठेवून, बकेटच्या गोल पाठीवर जोर देऊन एक बाजू उचलायची (दात टेकवून नाही). उचललेली चेन पुढे-मागे फिरवायची, बरीच माती आपोआप झडते. उरलेली पहारीने आणि अरुंद फावड्याने. मग मधल्या भागात फ्रेमच्या खालच्या कडेपासून शू प्लेटच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजायचं. या मॉडेलच्या पुस्तकात ते ३०० ते ३३५ मि.मी. आहे. चिकट मातीत वरच्या आकड्याच्या जवळ ठेवायचं. उचललेल्या बाजूखाली कुणीही जायचं नाही, मोजतानाही फूटपट्टी बाजूने लावायची.

ग्रीस व्हॉल्व्ह हळूहळू आणि जास्तीत जास्त एक फेरा सैल करायचा, तोंड व्हॉल्व्हच्या रेषेत ठेवायचं नाही. आतलं ग्रीस फार मोठ्या दाबाखाली असतं, सुटलेला व्हॉल्व्ह गोळीसारखा येतो.

१८ ऑक्टोबर – चेन गार्ड आणि शू प्लेट

मशीन १ ला पूर्ण लांबीचे चेन गार्ड (चेन रोलरवरून उतरू न देणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) होते, खडकातल्या कामासाठी लावलेले. मातीत ते भिंतीचं काम करतात: रोलरमधली माती बाजूला पडू देत नाहीत. दोन्ही बाजूंचे मधले गार्ड काढले, पुढचे आणि मागचे ठेवले. कालव्याच्या तिरक्या काठावर चेन उतरू नये म्हणून टोकाचे हवेतच.

फ्रेमच्या सपाट माथ्यावर माती बसू नये म्हणून उलट्या व्ही आकाराची टोपी बसवण्याचा विचार होता. चेनचा झोळ आणि फ्रेम यांत जागाच पुरत नाही. झोळ टोपीला घासला तर नफ्यापेक्षा तोटा जास्त. सोडून दिलं.

शू प्लेटला मधोमध भोक असलेले प्रकार मिळतात. स्प्रॉकेटचा दात माती त्या भोकातून बाहेर ढकलतो आणि हा उपाय खरोखर लागू पडतो. पण हाताशी असलेल्या प्लेटला गॅस कटरने भोकं पाडायची नाहीत. प्लेटचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं, ज्योतीने कडेची ताकद जाते आणि तडा तिथूनच निघतो. पुढच्या वेळी चेन बदलताना तयार भोकाच्या प्लेट घ्यायच्या, अशी नोंद खरेदीच्या वहीत केली.

रुंदीचं: ८०० मि.मी.ची प्लेट दलदलीत तरंगते, पण तेवढीच जास्त माती उचलते आणि वळताना लिंकवर पीळ देते. मशीन बुडत नसेल तर ६०० पुरेशी.

२१ ऑक्टोबर – बूमचं बूड आणि मधला सांधा

बूमच्या बुडाशी, केबिन आणि टाकीच्या मधल्या उघड्या जागेत बेल्टचे दोन उभे पडदे आणि मागे १०० मि.मी. उंच आडवी पट्टी लावली. ओघळणारा चिखल पट्टीला अडून पुढून खाली पडतो. पट्टी होजपासून ३० मि.मी. दूर, बूम पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून तपासली.

खालच्या फ्रेमवर मधल्या सांध्याभोवती (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणारा सांधा) माती ठासली जाते, ती वरून दिसत नाही. वरचा भाग फिरताना ती ट्रॅव्हल मोटरच्या होजना सांध्याच्या कडेवर दाबते. फ्रेमच्या पोटातून हात घालायची खिडकी आहे, तिचं झाकण काढून दर आठवड्याला साफ करायचं. त्याच वेळी स्विंग बेअरिंगचं ग्रीस तपासायचं झाकण उघडून बघायचं. ग्रीस पांढुरकं आणि पातळ झालं असेल तर पाणी गेलं आहे: पूर्ण काढून नवं भरायचं, वरून भर घालून भागत नाही.

८ नोव्हेंबर – दिवाळीनंतरची तपासणी

दोन्ही मशीन सारख्याच कामावर. मशीन १ चं इंजिनाखालचं कव्हर उघडलं: पातळ थर, तळ दिसतो. खिडकीचा पडदा एका बाजूने मातीने चिकटून बंद झालेला. कारण: पट्टीचे बोल्ट आतल्या बाजूने वर आलेले, त्यांच्याभोवती माती धरली. बोल्ट उलटे करून डोकी आत घेतली, म्हणजे आतून जवळपास सपाट. आतल्या प्रत्येक उंचवट्याभोवती माती धरणारच, हे पुढच्या कव्हरसाठी लक्षात ठेवायचं.

मशीन २ वर पुन्हा जाड थर, आता इंजिनाच्या उष्णतेने भाजून विटेसारखा झालेला. असा थर पूर्ण वाळला की आकसतो, भेगा पडतात आणि पहारीने मोठे पापुद्रे निघतात. पूर्ण ओला असताना पाण्याने निघतो. अर्धवट वाळलेला मात्र कशालाच दाद देत नाही. म्हणून ओल्या दिवसांत साफसफाई शिफ्ट संपताच, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

पाणी मारताना: अल्टरनेटर, कंट्रोलर, कनेक्टर आणि ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी तोंडं) यांवर प्रेशर वॉशर नाही. सीलवर जवळून धार नाही. धुतल्यावर त्याच दिवशी ग्रीसिंग, म्हणजे पिनमध्ये गेलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

२२ नोव्हेंबर – पाचट

गाळप सुरू, आजूबाजूचे फड तुटले. आता चिखल नाही, पाचट आणि धूळ. मशीन २ चं पाण्याचं तापमान दुपारी चढतं. दार उघडून पाहिलं तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पानांची गादी. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, त्यामुळे फसगत होते. कंडेन्सरचे चारपैकी दोन बोल्ट काढून त्याजागी बिजागरी आणि दोन पाकळी-नट दिले. होजला ढील आहे, ७० अंशांपर्यंत उघडतो. आता मधली फट रोज साफ करता येते.

मशीन १ वर वेगळी गोष्ट दिसली: रेडिएटरच्या बारीक पत्त्यांवर तेलकट धूळ. रेडिएटर हवेच्या वाटेत इंजिनाच्या आधी येतो, मग इंजिनाकडचं तेल तिथे कसं? खोलीच्या कडेची स्पंजाची पट्टी दोन ठिकाणी तुटलेली होती. इंजिनावरून गेलेली गरम, ब्रीदरच्या वाफेने तेलकट झालेली हवा त्या फटींतून परत पुढे येत होती. तेलकट पत्त्यांवर धूळ चिकटते, शिवाय तीच गरम हवा पुन्हा रेडिएटरमधून जाते. पट्टी बदलणं हे सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

२८ नोव्हेंबर – जाळीची निवड

दार आणि रेडिएटर यांच्यामध्ये सरकती जाळी. तीन पर्याय ताडून पाहिले.

भोकांचा पत्रा, ३ मि.मी. भोक, ५ मि.मी. अंतर: मजबूत, पण मोकळी जागा फक्त ३३ टक्के. हवा कोंडते. बाद.

विणलेली जाळी, ३ मि.मी. छिद्र, ०.७ मि.मी. तार: मोकळी जागा ६६ टक्के. पण पानाचे तुकडे आरपार जाऊन पत्त्यांत अडकतात.

विणलेली जाळी, २ मि.मी. छिद्र, ०.५ मि.मी. तार: मोकळी जागा ६४ टक्के. हीच घेतली, स्टेनलेस तारेची.

नियम सोपा आहे: जाळीतून जे जाईल ते रेडिएटरच्या पत्त्यांमधूनही गेलं पाहिजे. या रेडिएटरला इंचाला १० पत्त्या आहेत, म्हणजे अंतर अडीच मि.मी.च्या आसपास. जाळीचं छिद्र त्याहून मोठं असेल तर जाळी असून नसल्यासारखी. फार बारीक घेतली तर कापसाच्या तंतूंनी आणि धुळीने लवकर बुजते.

जाळी २० मि.मी.च्या अँगलच्या चौकटीत, वरून उचलून काढता येते. ज्या खाचेत ती बसते तिचा तळ दोन ठिकाणी कापलेला, नाहीतर खाचेतच माती भरते आणि जाळी तळापर्यंत बसत नाही. प्रत्येक मशीनला दोन जाळ्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मळलेली काढायची, स्वच्छ लावायची, मळलेली नंतर झटकायची. या अदलाबदलीला मिनिटही लागत नाही, म्हणून ती रोज होते.

उलटा फिरणारा पंखा हवा का, असं विचारलं गेलं. बगॅस (उसाची चिपाडं) उचलणाऱ्या मोठ्या लोडरवर तो उपयोगी आहे, तिथे कचरा हलका आणि कोरडा असतो. आपल्या मशीनचा पंखा बेल्टवर चालतो. त्यावर पात्यांची दिशा उलटणारा पंखा बसवायचा खर्च मोठा आणि तेलकट धुळीपुढे त्याचा उपयोग नाही.

३ डिसेंबर – हवा मारण्याची पद्धत

इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याच्या उलट. दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलो, त्याहून जास्त नाही. नोझल पत्त्यांना काटकोनात धरायचं. तिरकी धार पत्त्या वाकवते आणि वाकलेली पत्ती कायमची बंद. आधी खोलीखालचं दार उघडायचं, नाहीतर निघालेली सगळी धूळ तळावर बसते आणि इंजिन सुरू होताच परत पत्त्यांवर येते. तेलकट असेल तर डिग्रीझर, दहा मिनिटं थांबून कमी दाबाचं पाणी, मग पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या पत्त्यांवर धूळ लेप होऊन बसते. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच.

१० डिसेंबर – ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर

चारीचं काम शेतांच्या कडेने. मशीन २ च्या उजव्या फायनल ड्राइव्हमधून तेल. स्प्रॉकेट आणि मोटरच्या घराच्या मधल्या फटीत १६ मि.मी.ची ठिबकची नळी आणि मल्चिंग पेपर पिळून बसले होते. प्लास्टिक आत ओढलं जातं, घर्षणाने मऊ होतं आणि तरंगत्या सीलच्या दोन पोलादी कड्यांपर्यंत पोचून त्यांचं रबर सरकवतं. त्यानंतर तेल बाहेर आणि माती आत.

उपाय मशीनपेक्षा शेतात जास्त आहे: मशीन शिरण्याआधी पट्टीतल्या नळ्या गुंडाळायच्या, पेपर उचलायचा, तारेचं कुंपण बाजूला करायचं. मशीन १ च्या फटीवर ६ मि.मी. पत्र्याचं अर्धं कडं लावलं, खालची बाजू मोकळी, माती पडावी म्हणून. अडकलेलं प्लास्टिक आकडी सुरीने कापून काढायचं. चेन उलटी फिरवून काढायला गेलं तर ते आणखी आत जातं. काढल्यावर लेव्हल प्लग उघडून तेल बघायचं. दुधासारखं असेल तर पाणी गेलं आहे, सील उघडणं आलं.

२ जानेवारी २०२५ – आग

वाळलेलं पाचट टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारा भाग), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या मागे साचतं. टर्बो कामाच्या भरात पान पेटण्याच्या तापमानाच्या बराच वर असतो. आजूबाजूला तेलाचा पाझर असेल तर धोका कैक पटींनी वाढतो.

इंजिन बंद केल्यावर धोका संपला असं समजू नये. पंखा थांबतो, उष्णता इंजिनाच्या खोलीत कोंडते आणि धुमसणारं पान तेव्हाच भडकतं. म्हणून: बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं (टर्बोच्या बेअरिंगलाही ते गरजेचं), बंद केल्यावर हूड उघडून पाहायचं, आणि अर्ध्या तासाने वॉचमनने एक फेरी मारायची. टर्बोभोवतीचं पाचट इंजिन थंड असताना, सकाळी हाताने काढायचं. तापलेल्या टर्बोवर पाणी मारलं तर घर तडकतं. बॅटरीचा डबा आणि स्टार्टरच्या वायरीखालची जागाही याच फेरीत. सहा किलोचा पावडरचा सिलेंडर केबिनच्या पायरीपाशी, जमिनीवरून हात पोचेल असा.

टर्बोच्या बाजूच्या कव्हरवर बेल्टचा किंवा प्लास्टिकचा कोणताही तुकडा वापरलेला नाही. चिकट माती सुटावी म्हणून टिपरच्या हौद्यात जे पांढरं जाड पॉलिथिलीनचं अस्तर लावतात, ते कव्हरच्या आत लावायची सूचना आली होती. ते १३० अंशांच्या आसपास वितळतं. इंजिनाखाली नको. बकेटमध्ये मातीकामापुरतं चालेल.

१८ जानेवारी – एअर फिल्टर

धुळीत रोज फिल्टर उघडून झटकायची सवय दोन्ही मशीनवर आढळली. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. इंडिकेटर लाल होईपर्यंत उघडायचा नाही. रोज करायचं काम वेगळं: घराच्या तळाचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह चिमटीने दाबून धूळ सोडणं. मशीन २ चा व्हॉल्व्ह मातीने चिकटून कायमचा उघडा राहिला होता. असा व्हॉल्व्ह धूळ सोडत नाही, उलट आत ओढतो. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नाही, वेळ झाली की बदलायचा.

४ फेब्रुवारी – २५० तासांची सर्व्हिस, दोन्ही मशीन

मशीन १: खालची सगळी दारं उघडून, साफ करून, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून बंद. एक फिटर, एक हेल्पर, दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. फिक्या रंगाच्या कव्हरवर पंपाखाली एक ताजा डाग दिसला, एका जोडाचा नट पाव फेरा आवळावा लागला.

मशीन २: कव्हर उतरवण्यातच सकाळ गेली. दोन बोल्ट गोल झालेले, वेल्ड करून काढावे लागले. त्यासाठी आधी आजूबाजूचं तेलकट पाचट काढावं लागलं.

तुराटीच्या रानात काम करूनही मशीन १ च्या कव्हरला फक्त ओरखडे आहेत. खिडकीच्या पडद्याची एक कड फाटली आहे. बेल्टमधले कापडाचे पदर सुटतात म्हणून कड तिरकी कापायची. पडदा वर्षातून दोनदा बदलायचा भाग धरून यादीत घेतला.

१४ फेब्रुवारी – मशीन २ चं काम सुरू

कव्हरचे माप-नकाशे तेच, दोन फरक: खिडकी मागच्या टोकाऐवजी ड्रेन प्लगकडे सरकवली, कारण फावडं तिथून सरळ जातं, आणि साखळीचा हूक हातमोजा घालूनही सुटेल एवढा मोठा घेतला.

शिफ्ट संपताना ऑपरेटर आणि हेल्पर यांनी मिळून करायचं काम, केबिनच्या दाराच्या आतून चिकटवलेलं:

१. चेन दोन्ही बाजू उचलून फिरवणे. आयडलरमागे आणि वरच्या रोलरवर पहार.
२. स्प्रॉकेटच्या फटीत नळी, तार, प्लास्टिक आहे का ते बघणे.
३. रेडिएटरची जाळी बदलणे. कंडेन्सरमागची फट बघणे.
४. डस्ट व्हॉल्व्ह दाबणे.
५. ओल्या दिवसांत खिडकीतून फावडं घालून कव्हर साफ. कोरड्या दिवसांत हूड उघडून पाचट बघणे (टर्बोभोवतीचं काढायचं सकाळी, इंजिन थंड असताना).
६. फिक्या कव्हरवर तेलाचा डाग असेल तर जागा वहीत लिहिणे.

मशीन २ चा सपाट झालेला वरचा रोलर आणि उजव्या फायनल ड्राइव्हचं सील याच कामात बदलायचं आहे. रोलर आला आहे, सील सोमवारपर्यंत येईल. तोवर तेलाची पातळी रोज सकाळी बघायची.